भारवाहक वाहतात की पांगतात?

शिवाजी विद्यापीठात पदव्युत्तर भौतिकशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपले एक वाक्य पाठवले आहे : ‘एकथरी मॉलिब्डेनम डायसल्फाइडवर प्रकाश पडला की भारवाहक निर्माण होऊन त्यातून वाहू लागतात.’ भारवाहक म्हणजे विद्युतभार वाहून नेणारे कण. यात ‘वाहणे’ योग्य आहे का, की ‘सरकणे’ किंवा ‘पसरणे’ घ्यावे, असा तिचा प्रश्न आहे.

‘एकथरी’ हा शब्द तिने नेमका निवडला आहे. ‘एक अणू जाडीचा’ हे वर्णन ग्राफीनला, म्हणजे कार्बनच्या एकेरी थराला, लागू पडते. मॉलिब्डेनम डायसल्फाइड या अर्धसंवाहकाच्या एका थरात मॉलिब्डेनमच्या अणूंचे प्रतल गंधकाच्या दोन प्रतलांमध्ये बसलेले असते. ‘वाहणे’ मात्र इथे चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण समजण्यासाठी पदार्थाच्या आत डोकवावे लागते.

वाहणे म्हणजे कशाच्या तरी ओढीने एका दिशेला जाणे. तारेतल्या इलेक्ट्रॉनांना विद्युत क्षेत्राची ओढ असते, म्हणून वीज वाहते हे रास्तच आहे. एकथरी अर्धसंवाहकात प्रकाशाने वरच्या पातळीवर गेलेला इलेक्ट्रॉन आणि त्याच्या मागे उरलेले धनभारित विवर (त्याची रिकामी जागा) सहसा एकमेकांना सोडत नाहीत. जाड पदार्थात सभोवतालचे अणू या दोघांमधले आकर्षण बरेच क्षीण करतात. पण सुमारे ०.६५ नॅनोमीटर जाडीच्या थरात त्यांच्यामधल्या बलरेषा थराबाहेर पडतात, तिथे आकर्षण क्षीण करणारे फारसे काही नसते, आणि दोघांना हिंडायला दोनच मिती उरतात. सिलिकॉनमध्ये अशी जोडी सुमारे १५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचे एक सूक्ष्म एकक) ऊर्जेने बांधलेली असते, म्हणून खोलीच्या तापमानाची सुमारे २५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट उष्णता तिला सहज तोडते. एकथरी पदार्थात हीच बंधनऊर्जा काही शे मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. तिची कल्पना सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ याकॉव्ह फ्रेंकेल यांनी १९३१ मध्ये मांडली. जोडीवरचा एकूण भार शून्य असल्यामुळे समान विद्युत क्षेत्र तिला ओढून नेऊ शकत नाही. जिच्यावर भारच नाही तिला ‘भारवाहक’ म्हणणेही मला खटकते. ‘जोडी’ हा साधा शब्द पुरेसा आहे.

लेसरचा ठिपका पडतो तिथे जोड्यांची दाटी होते, आणि प्रत्येक जोडी उष्णतेच्या धक्क्यांनी वाटेल तिकडे भरकटत असली तरी एकंदरीत त्या विरळ भागाकडे जातात. यासाठी ‘विसरण’ ही संज्ञा रूढ आहे. वाक्यात क्रियापद हवे असेल तर मी ‘पांगणे’ सुचवीन. ‘पसरणे’ तेलाला किंवा रंगाला शोभते. पांगतात त्या सुट्या, मोजता येणाऱ्या गोष्टी. खासबाग मैदानातली कुस्ती संपली की माणसे पांगली असेच कोल्हापुरात म्हणतात. ‘सरकणे’ टाळावे, कारण त्यात संथपणाची छटा आहे.

एक सावधगिरी मात्र फार महत्त्वाची वाटते. प्रयोगात आपल्याला जोड्या दिसत नाहीत. त्या मिटताना, म्हणजे इलेक्ट्रॉन विवरात परतताना, उत्सर्जित होणाऱ्या प्रकाशाचा ठिपका दिसतो, आणि तो काळानुसार रुंदावत जातो. लेसर तीव्र असेल तर ठिपक्याच्या मध्यभागी जोड्या एकमेकींना भेटून एक जोडी नष्ट होते व तिची ऊर्जा दुसरीला मिळते. मध्यभाग असा झपाट्याने ओसरला की कडा तुलनेने उठून दिसतात आणि ठिपका रुंद भासतो, जरी जोड्या तेवढ्या दूर गेलेल्या नसल्या तरी. म्हणून ठिपक्यासाठी ‘रुंदावणे’ आणि जोड्यांसाठी ‘पांगणे’ ही क्रियापदे वेगळी ठेवावीत.

जोडीला आणखी एक इलेक्ट्रॉन चिकटून ट्रायॉन बनला, तर त्याच्यावर भार असतो आणि क्षेत्र त्याला ओढू शकते. थराला एके ठिकाणी ताण दिला तर तिथे जोडीची ऊर्जा उतरते, जणू उतार तयार होतो. तिकडे जाणाऱ्या जोड्यांना ‘ओघळणे’ शोभून दिसेल.

मॉलिब्डेनम डायसल्फाइडवर टंगस्टन डायसल्फाइडचा थर ठेवला, तर विवर ५० फेम्टोसेकंदांच्या (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) आत टंगस्टनच्या थरात जाते व इलेक्ट्रॉन मॉलिब्डेनमच्या थरात राहतो, असे २०१४ मध्ये मोजले गेले. इथे दोघे ‘विलग झाले’ म्हणावे, ‘सुटले’ म्हणू नये, कारण दोन थरांमधूनही त्यांचे आकर्षण टिकून असते. विद्युत क्षेत्राने ते बंधन तोडून दोघांना वेगवेगळ्या विद्युत अग्रांकडे नेले, तर विद्यार्थिनीचे ‘वाहू लागतात’ हे शब्द बिनदिक्कत ठेवता येतील. फक्त त्या क्षेत्राचा उल्लेख वाक्यात आधी यायला हवा.