रिपेअर शॉपची ऑफर आलीय म्हणून नाक मुरडू नकोस

तुझा मेसेज वाचला. विमानं बनवायची होती आणि ऑफर आली ओव्हरहॉल शॉपची, म्हणजे जुनी इंजिनं-विमानं पूर्ण खोलून दुरुस्त करायच्या विभागाची, म्हणून तोंड पाडून बसलीयस. नाही म्हणायचं तर खुशाल म्हण, पण त्याआधी सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या विमान कारखान्याचं पुढे काय झालं ते वाच, कारण ज्या एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, विमानं बनवणारी सरकारी कंपनी) डिझाइनमध्ये जायचं तुझं स्वप्न आहे तिचीच ती गोष्ट आहे.

वालचंद म्हटलं की लोक 1919 ची ‘लॉयल्टी’ बोट आणि सिंधिया जहाज कंपनी सांगून मोकळे होतात. पण बोटी विकत घेऊन चालवणं वेगळं आणि बांधणं वेगळं. डिसेंबर 1940 ला म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट, म्हणजे आजची एचएएल, काढली आणि जून 1941 ला विशाखापट्टणमला शिपयार्डची पायाभरणी, तीही राजेंद्र प्रसादांच्या हस्ते, भर महायुद्धात! आपल्याकडे आज एक शेड टाकायच्या परमिशनला वर्ष जातं, असो.

आता सुरुवातीची विमानं म्हणजे काय, तर अमेरिकेतून आलेला माल जोडायचा. 1941 ला हार्लो ट्रेनर, म्हणजे शिकाऊ वैमानिकांचं विमान, उडालं, 1942 ला कर्टिसचं हॉक फायटर. लोक याला निर्मिती म्हणतात, मी असेंब्लीच म्हणेन. तीही फार टिकली नाही. जपान दाराशी आला तसे सरकारने एप्रिल 1942 मध्ये वालचंदांचे शेअर्स घेतले, 1943 ला कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या ताब्यात गेला आणि मुख्य काम उरलं ते रिपेअर आणि ओव्हरहॉलचं. म्हणजे तुझ्या हिशोबाने करिअर संपलंच की.

पण काम काय होतं बघ. कॅटालिना ही पाण्यावर उतरणारी विमानं चक्क बेळंदूर तलावात उतरायची, त्यांचं पोट बोटीसारखं, ॲल्युमिनियमचे पत्रे रिवेट मारून जोडलेले, रिवेट ढिला झाला की पाणी आत. म्हणजे विमान दुरुस्त करायचं तरी अर्धं काम बोटीचंच. दुसरीकडे डाकोटा ही मालवाहू विमानं, आणि गंमत म्हणजे दोघांचं इंजिन एकच, प्रॅट अँड व्हिटनीचं ट्विन वास्प, 14 सिलिंडर, सात-सातच्या दोन रांगा. तेच इंजिन परत परत खोलायचं, धुवायचं, क्रॅक शोधायचा, जोडायचं, टेस्टला लावायचं. नंतर ब्रिटिश जाताना कानपूरला मोडतोड करून टाकून गेलेली लिबरेटर बॉम्बर याच लोकांनी चाळीसच्या आसपास उभी केली आणि ती 1968 पर्यंत आपल्या हवाई दलात उडाली. त्यांना चार-चार इंजिनं, आणि तीही ट्विन वास्पच, वर टर्बोचं, म्हणजे उंचावर इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्राचं, लफडं जास्तीचं. मधल्या काळात रेल्वेचे डबेसुद्धा बनवले, कुणी कमीपणा मानला नाही.

आणि मग 1951 ला एचटी-2 हे ट्रेनर उडालं, आपलं स्वतःचं डिझाइन. डॉ. विष्णू माधव घाटगे, जर्मनीत प्रांटल या नामांकित वायुगतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेला माणूस, त्यांच्या डोक्याबद्दल प्रश्नच नाही, पण ड्रॉइंग पत्र्यात उतरवणारे हात कुठून आले? माझ्या मते त्याच ओव्हरहॉल शॉपमधून.

शिपयार्डचं थोडक्यात सांगतो. एप्रिल 1942 ला विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले, सगळं लांबलं, शेवटी मार्च 1948 ला नेहरूंनी ‘जलउषा’ पाण्यात सोडली, 8 हजार टनी. 1952 ला तिथेही सरकारचे दोन तृतीयांश शेअर्स झाले.

तर जॉइन हो. पहिलं वर्षभर तरी प्लॅनिंगच्या एसीत जाऊ नकोस, कुणी ओढलं तरी. इंजिन शॉप माग, एनडीटीवाल्यांशी (पार्ट न तोडता आतला दोष शोधणाऱ्यांशी) दोस्ती कर, रिजेक्ट झालेला पार्ट स्क्रॅपला जायच्या आधी हातात घेऊन बघ, क्रॅक तिथंच का आला ते वहीत स्केच काढून ठेव, डिझाइनच्या इंटरव्ह्यूला तीच वही घेऊन जा. आणि बाँडचा, म्हणजे ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याच्या कराराचा, कागद सही करायच्या आधी मला पाठव, तीन वर्षांपेक्षा जास्तीचा असेल तर आपण आधी बोलू.