रक्त पातळ होत नाही, आणि गोठत तर नाहीच

प्रश्न असा आला आहे: शाळेच्या पुस्तकात 'रक्त गोठणे', आजीच्या तोंडी 'साकळणे', बातम्यांत 'जमणे' आणि दवाखान्यात 'रक्त पातळ करायची गोळी'. यातला बरोबर शब्द कोणता? आणि जखम नसताना शरीर रक्ताची गुठळी होऊ देत नाही, त्या कामाला मराठीत काय म्हणायचं?

आधी 'पातळ'चा निकाल लावू, कारण तो ऐकून कान किटले आहेत. पातळ होतं ते वरण. वॉरफरिन ही त्यातलीच एक गोळी, ती घेतल्याने रक्ताच्या दाटपणात काही फरक पडत नाही. गुठळी व्हायला लागणारे काही घटक यकृत के जीवनसत्त्वाच्या मदतीने तयार करतं, त्या कामात ही गोळी खोडा घालते. ॲस्पिरिन बिंबिकांना (गुठळी धरणाऱ्या रक्तातल्या बारीक कणांना, म्हणजे प्लेटलेट्सना) एकमेकींना चिकटू देत नाही, बस. पण एकदा 'पातळ' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं रक्तातला कस गेला, आता अशक्तपणा येणार. मग तो बीट-डाळिंबाच्या मागे लागतो आणि गोळी गुपचूप बंद करतो. शब्द चुकला की असं होतं.

'गोठणे' पुस्तकातलं असलं तरी मला अमान्य आहे. थंडीत खोबरेल गोठतं, बाटली उन्हात ठेवली की परत पातळ होतं. रक्ताची गुठळी उन्हात ठेवून बघा, काही होणार नाही. गार पडलेल्या शरीरात तर रक्ताला गुठळी धरायला उलट जास्त वेळ लागतो. भीतीने रक्त गोठतं ते कादंबरीत, तिथे खुशाल गोठू द्या.

'साकळणे' अस्सल आहे, त्याबद्दल वाद नाही, पुढे जाऊ.

खरी मजा 'जमणे'मध्ये आहे. शुद्धिवादी मंडळी याला हिंदीची उसनवारी म्हणून नाकं मुरडतात. जमाखर्च लिहिताना मुरडत नाहीत! मूळ अरबी 'जमा', म्हणजे एकत्र येणं. आता रक्त जमण्याचा इंग्रजी शब्द 'कोॲग्युलेशन' घ्या. लॅटिन 'कोआगुलुम' म्हणजे चीजसाठी दूध फाडायला वापरतात ते वासराच्या पोटातलं रेनेट. तो शब्द 'को' अधिक 'आगेरे' यांतून आला: एकत्र हाकणे. हे 'आगेरे' आणि संस्कृत 'अज्' (हाकणे) सख्खी भावंडं आहेत. 'को' आणि 'सम्' नात्यातले नाहीत, पण अर्थाने शेजारी. सम् अधिक अज् काय होतं? समाज! पाणिनीने (३.३.६९) भेदही करून ठेवला आहे: गुरांचा तो समज, इतरांचा तो समाज. म्हणजे रक्त कोॲग्युलेट होतं तेव्हा ते शब्दशः समाज करतं. लॅटिनने हाकून आणलं, अरबीने जमवलं, कल्पना एकच. हे कळल्यावरही ज्यांना 'जमणे' खटकतं त्यांच्यापुढे हात टेकले.

मग शरीर जे करतं त्याला जमावबंदी म्हणावं, हा माझा हट्ट. (जमाबंदी नव्हे, ती तलाठ्याकडे.) रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नुसती नळी नाही. ते प्रोस्टासायक्लिन आणि नायट्रिक ऑक्साइड सोडून बिंबिकांना पांगवत राहतं. त्याच्या पृष्ठभागावर हेपरान सल्फेट असतं, त्याच्या साथीने रक्तातलं अँटिथ्रॉम्बिन हे गुठळी घडवणाऱ्या थ्रॉम्बिन या प्रथिनाला निकामी करतं. आणि थ्रॉम्बिन, म्हणजे जमाव भडकवणारा म्होरक्या, अस्तरावरच्या थ्रॉम्बोमोड्युलिनला जाऊन चिकटला की पक्षच बदलतो: प्रथिन सी जागं करतो, आणि ते प्रथिन एसच्या मदतीने पाचव्या आणि आठव्या घटकाचे तुकडे पाडतं. (हा 'एस' सिॲटल शहराच्या नावातला.) काही घराण्यांत पाचव्या घटकात असा बदल असतो की प्रथिन सीला तो नीट कापता येत नाही, १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला तो सापडला म्हणून 'फॅक्टर फाइव्ह लायडन'. अशांच्या पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका जास्त. एवढं करूनही गुठळीची जी जाळी विणली जाते ती कापायला प्लाझ्मिन हे प्रथिन आहेच.

आता रक्त जमण्यासाठी परिभाषेतलं 'क्लथन'. हा शब्द कचेरीत बसून इंग्रजी 'क्लॉट'वरून पाडला, असं छातीठोक सांगणारे भेटतात. त्यांनी शुक्ल यजुर्वेदाचा ३९वा अध्याय उघडावा. तापलेल्या दुधाच्या घर्म-विधीत 'मारुतः क्लथन्' असं स्वच्छ आलं आहे. शब्द जड आहे म्हणा, मीही म्हणतो, पण बनावट म्हणू नका.

आणि एक नवीन टूम: 'हेपरिन'ला, म्हणजे गुठळी रोखणाऱ्या इंजेक्शनच्या औषधाला, 'यकृतिन' म्हणा. ग्रीक 'हेपार' आणि आपलं 'यकृत्' एकाच मुळाचे, हे खरं. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लिन हा विद्यार्थी रक्त जमवणारा पदार्थ शोधत होता आणि हाती लागला नेमका उलटा. पुढे त्याचे प्राध्यापक हॉवेल यांनी यकृतावरून त्याला नाव दिलं. पण इंजेक्शनमधलं हेपरिन आज मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. भाषांतरच करायचं तर मग 'आंत्रिन' करा, नाहीतर हेपरिन राहू द्या.