‘आउटसाइड मनी’ म्हणजे कुणाच्या बाहेरचा पैसा?

अमेरिकेतल्या निवडणुकीवरच्या लेखाचं भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय : ‘या जागेसाठी उमेदवारांपेक्षा आउटसाइड मनीच जास्त खर्च झाला’ या वाक्यात मी ‘बाहेरचा पैसा’ लिहिलं, तपासणाऱ्याने त्याचं ‘परकीय निधी’ केलं. बरोबर काय?

‘परकीय निधी’ तर साफ चूक. परदेशी नागरिकाने अमेरिकेतल्या निवडणुकीत पैसा घालायला तिथल्या कायद्याने बंदी आहे. त्यामुळे ही दुरुस्ती छापली गेली, तर पूर्णपणे कायदेशीर असलेला खर्च वाचकाला गुन्हा वाटेल.

पण ‘बाहेरचा पैसा’ही पुरत नाही. मराठीत ‘बाहेरचा’ म्हटलं की उंबरठा आलाच. बाहेरचं खाणं घराबाहेरचं, बाहेरचा माणूस गावाबाहेरचा. इथे उंबरठा कोणता? तो आहे उमेदवाराच्या प्रचारखात्याचा. या खात्यात एका व्यक्तीला किती देणगी देता येते, त्याला मर्यादा आहे. २०२४च्या निवडणुकीत ती एका लढतीला ३,३०० डॉलर होती, आणि पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक फेरी व मुख्य निवडणूक वेगवेगळ्या धरल्या जातात. आपल्याकडे उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा असते; तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६च्या बकली खटल्यातल्या निकालापासून खर्चाला सक्तीची मर्यादा नाही, देणगीला आहे. हा फरक डोक्यात ठेवला नाही तर पुढचं काहीच उलगडत नाही.

जानेवारी २०१०मध्ये ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं, की कंपन्या आणि कामगार संघटना निवडणुकीत स्वतंत्रपणे खर्च करत असतील तर त्यांना रोखता येणार नाही. त्याच वर्षी एका अपील न्यायालयाने, केवळ असा खर्च करणाऱ्या समित्यांना मिळणाऱ्या देणग्यांवरची मर्यादाही उठवली. त्यातून ‘सुपर पॅक’ म्हणवल्या जाणाऱ्या समित्या उभ्या राहिल्या. अट एकच : उमेदवाराशी संगनमत करायचं नाही. त्याच्या खात्यात पैसे न देता, त्याला न विचारता, त्याच्या बाजूने किंवा विरोधकाविरुद्ध जाहिराती करायच्या.

‘न विचारता, मधल्या माणसाला टाळून’ यासाठी आपल्याकडे तयार शब्द आहे : परस्पर. ‘त्याने परस्पर पैसे भरून टाकले’ असं आपण रोज म्हणतो. मला हाच शब्द सर्वांत जवळचा वाटतो. मात्र नुसतं ‘परस्पर खर्च’ लिहिलं तर ‘परस्पर संबंध’सारखा ‘एकमेकांचा’ असा अर्थ डोकावतो. म्हणून क्रियापद सोबत हवं : ‘इतरांनी परस्पर केलेला खर्च’.

एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. मार्च २०२४मध्ये तिथल्या संघीय निवडणूक आयोगाने घरोघरी जाऊन करायच्या प्रचाराबाबत अशा गटांना उमेदवाराशी सल्लामसलत करायला मोकळीक दिली. तो पैसा उमेदवाराच्या खात्याबाहेरचा खरा, पण त्याला ‘परस्पर’ कसं म्हणायचं? तिथे मी ‘प्रचारखात्याबाहेरचा पैसा’ असं लांबलचक लिहीन. लांबी परवडते, चुकीचा अर्थ नाही.

मूळ मजकुरात ‘आउटसाइड’चा अर्थ राज्याबाहेरचा असाही असू शकतो, तेवढं पाहून घ्या. एप्रिल २०२५मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या एका जागेसाठी मतदान झालं. तिथे न्यायाधीश निवडून येतात. टेक्सासमध्ये राहणारे इलॉन मस्क आणि त्यांच्या पाठबळावरचे गट यांनी उमेदवार ब्रॅड शिमेल यांच्यासाठी सुमारे २ कोटी डॉलर ओतले. राज्याबाहेरचा आणि खात्याबाहेरचा, असा तो दोन्ही अर्थांनी बाहेरचा पैसा होता. निवडून मात्र आल्या त्यांच्या प्रतिस्पर्धी सुझन क्रॉफर्ड.

याच लेखात पुढे ‘डार्क मनी’ येईल. त्याचं ‘काळा पैसा’ कृपा करून करू नका. काळा पैसा म्हणजे कर चुकवलेला, हिशेबाबाहेरचा. डार्क मनीत खर्च करणारी संस्था समोर दिसते, तिला पैसे कुणी दिले ते दिसत नाही. ‘गुप्तदान’ सुचेल, पण त्या शब्दाला देवळातल्या दानपेटीचं पुण्य चिकटलेलं आहे. ‘निनावी पैसा’ म्हणा. निनावी पत्रामुळे त्या शब्दात जो संशय मुरला आहे, तो इथे हवाच आहे.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘या जागेसाठी उमेदवारांनी स्वतः केला त्याहून जास्त खर्च इतरांनी परस्पर केला.’