अमेरिकेत न्यायाधीश मतदानाने निवडतात, मग पक्षाचं राजकारण त्यात शिरू नये म्हणून काय करतात?

हे फक्त राज्यांच्या न्यायालयांबद्दल. फेडरल, म्हणजे केंद्रीय न्यायालयांचे, न्यायाधीश अध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देतं.

सगळ्यात सोपा उपाय मतपत्रिकेवरून पक्षाचं नाव काढण्याचा, आणि तो सगळ्यात कमी चालतो. विस्कॉन्सिनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची निवडणूक एप्रिलमध्ये, नोव्हेंबरच्या पक्षीय निवडणुकांच्या धुमाळीपासून लांब होते आणि मतपत्रिकेवर नुसती नावं असतात. पण आपल्याकडे ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसलं तरी कुठलं पॅनल कुणाचं हे गावाला ठाऊक असतंच ना, तसंच तिथे. २०२५ च्या सुसान क्रॉफर्ड विरुद्ध ब्रॅड शिमेल लढतीत १० कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला. पैसा आत येतो कसा? एका व्यक्तीला उमेदवाराला थेट २०,००० डॉलरच देता येतात. मात्र २०१५ च्या कायद्याने पक्षाला कितीही देण्याची मुभा दिली आणि पक्षाला ते उमेदवाराकडे वळवण्याचीही. म्हणजे मोठा चेक फाडायचा तो पक्षाच्या नावाने. मिशिगनची तऱ्हा आणखी न्यारी: मतपत्रिकेवर पक्ष नाही, पण सर्वोच्च न्यायालयाचे उमेदवार पक्षांच्या अधिवेशनात ठरतात!

मिझुरीने १९४० मध्ये निवडीचीच पद्धत बदलली. वरच्या न्यायालयांसाठी सात जणांचा आयोग: वकिलांनी निवडलेले तीन वकील, गव्हर्नरने (राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाने) नेमलेले तीन सामान्य नागरिक आणि एक न्यायमूर्ती. आयोग तीन नावं देतो, गव्हर्नर त्यातलं एक ६० दिवसांत निवडतो. किमान वर्षभर काम झालं की पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारापुढे एकच प्रश्न येतो: यांना पदावर ठेवायचं का, होय की नाही? समोर प्रतिस्पर्धीच नसल्याने पक्षांना उतरण्यात फारसा फायदा नसतो. तरी एखादा निकाल झोंबला की हेही मोडतं. आयोवात समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या २००९ च्या निकालानंतर, २०१० मध्ये तीन न्यायमूर्तींना मतदारांनी घरी बसवलं. त्यांनी स्वतःसाठी प्रचार केलाच नव्हता.

उमेदवारांची तोंडं बंद ठेवणं हा मार्ग आता उरलेला नाही. वादग्रस्त प्रश्नांवर मत मांडायला मनाई करणारा मिनेसोटाचा नियम २००२ मध्ये फेडरल सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. उमेदवाराने स्वतः देणगी मागण्यावरची फ्लोरिडाची बंदी मात्र २०१५ मध्ये त्याच न्यायालयात टिकली. समितीमार्फत मागता येते.

माझ्या मते खरा जोर द्यायला हवा तो निवडून आल्यानंतरच्या नियमांवर. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीवर ५ कोटी डॉलरचा निकाल लागला. अपील येण्याआधीच, २००४ मध्ये, कंपनीच्या प्रमुखाने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर ब्रेंट बेंजामिन निवडून यावेत म्हणून ३० लाख डॉलर ओतले. बेंजामिन यांनी या खटल्यातून बाजूला व्हायला नकार दिला आणि निकाल ३-२ ने कंपनीच्या बाजूने फिरला. २००९ मध्ये फेडरल सर्वोच्च न्यायालयाने ५-४ ने म्हटलं की त्यांनी हटायलाच हवं होतं. पण तो निवाडा अगदी टोकाच्या प्रकरणांपुरता आहे. म्हणून राज्याने स्वतःच्या नियमात दोन गोष्टी लिहाव्यात: किती डॉलरच्या मदतीनंतर खटला सोडायचा तो आकडा, आणि हटण्याच्या अर्जावर निर्णय दुसऱ्या न्यायाधीशाने द्यायचा, ज्याच्यावर आक्षेप आहे त्याने नाही.