नवा कॅम एका कडेनेच का खाल्ला जातो?

प्रश्न असा आहे: पुशरॉडच्या (झडपेपर्यंत ढकल पोचवणाऱ्या दांड्याच्या) जुन्या इंजिनात नवा कॅम (झडपा उघडणारा फिरता दांडा) बसवला, टॅपेट (कॅमवर टेकून पुशरॉड ढकलणारे भाग) जुनेच ठेवले, झडपेची स्प्रिंगही तीच; तरी एक लोब (कॅमवरचा उंचवटा) कडेने झिजला. स्प्रिंगचा जोर वाढला नाही, मग ताण वाढला कुठून?

जोराकडे शेवटी बघा. रेषेसारख्या स्पर्शात ताण जोराच्या वर्गमुळाने वाढतो. जोर दुप्पट झाला तरी ताण साधारण 1.4 पट. लोबचं नाक, म्हणजे टोक, 10 मिमी त्रिज्येचं, रुंदी 10 मिमी, जोर 1000 न्यूटन आणि दोन्ही भाग पोलादी धरले, तर हर्ट्झच्या सूत्राने (स्पर्शाच्या जागचा दाब काढायचं सूत्र) कमाल दाब सुमारे 600 मेगापास्कल येतो. स्पर्शाची पट्टी जेमतेम 0.2 मिमी रुंद! टॅपेट कलून फक्त 3 मिमी टेकलं, की तोच दाब 1100 च्या पुढे. त्यात कडेची धार टोचते ती वेगळी. टॅपेट बिडाचं असेल तर ते जास्त दबतं, स्पर्शपट्टी रुंदावते आणि 600 चे 500 होतात.

तुमच्याकडे माझा पहिला संशय जुन्या टॅपेटवर. अशा इंजिनांत त्याचं तोंड बहुधा किंचित फुगीर आणि लोब किंचित उतरता असतो. त्यामुळे स्पर्श मध्यापासून बाजूला राहतो आणि टॅपेट फिरत राहतं. झिजून तोंड खोलगट झालं की फिरणं थांबतं, आणि एकाच जागी घासणं सुरू होतं. तोंडावर सरळपट्टी धरा. उजेड कडांना दिसला तर फुगवटा शाबूत आहे. मध्ये दिसला तर टॅपेट बाद. पुशरॉडवर रंगाचा ठिपका देऊन इंजिन चालवा, ठिपका फिरायलाच हवा. नव्या कॅमवर जुनं टॅपेट कधीच नको.

कातरताण (थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण) सर्वाधिक असतो पृष्ठभागाखाली, वरच्या उदाहरणात सुमारे 0.08 मिमी खोल. कठीण थर त्याहून बराच जाड हवा, नाहीतर आतून भेग येऊन खपली उडते. घर्षणांक 0.3 च्या आसपास गेला की हा ताण थेट पृष्ठभागावर येतो, म्हणून कोरडं घासणं घातक.

आणि नवा कॅम आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न देता, सर्वांत कमी वेगावर) ठेवू नका. तिथे तेलाचा पदर सर्वांत पातळ असतो. शिवाय वेग वाढला की नाकावरचा जोर जडत्वामुळे कमी होतो. आयडलवर स्प्रिंगचा सगळा भार नाकावरच. लोबवर असेंब्ली पेस्ट लावा, झिंकयुक्त तेल भरा, आणि सुरू करताच 2000 आरपीएमच्या आसपास, थोडं खालीवर करत, 20 मिनिटं चालवा.