जुन्या सिट-ऑन-टॉप कयाकवर गळाने मासेमारीसाठी घरच्या घरी काय काय बनवता येईल?

तुम्ही लिहिलंय की दहा फुटी जुनी कयाक (वर बसून वल्हवायची, आतून पोकळ प्लॅस्टिकची होडी) एका पर्यटनवाल्याकडून घेतली आहे, खाडीत गरवायला जायचं आहे, बाहेरून मागवायचं सामान परवडत नाही आणि कयाकला भोकं पाडायची भीती वाटते. ही भीती अगदी योग्य आहे, ती सोडू नका. मी पाच वर्षं वाशिष्ठीच्या खाडीत, दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या वरच्या अंगाला, अशाच कयाकवरून गरवतो. माझ्याकडचं जवळजवळ सगळं सामान घरी बनवलेलं आहे. माझा पहिला सल्ला एवढाच: सुरुवातीच्या दहा फेऱ्या एकही भोक न पाडता मारा. प्रत्येक वस्तू दोरीने, केबल टायने नाहीतर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा. रॉड कुठे हवा, नांगर कुठल्या हाताला हवा, वल्हं कुठे अडतं, हे अंगणात बसून कळत नाही. पाचव्या-सहाव्या फेरीत हात आपोआप एका जागी जायला लागतो. तीच त्या वस्तूची जागा.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. पहिल्याच आठवड्यात मी उजव्या कडेला रॉड होल्डर बसवला, साध्या लाकडाच्या स्क्रूने. ह्या कयाक पॉलिइथिलीनच्या असतात आणि भिंत जेमतेम चार-पाच मिलिमीटर जाड. त्यात स्क्रूचे आटे धरत नाहीत, रॉडला दोन झटके बसले की सैल होतात. त्या दिवशी परतताना कयाक जड लागत होती, मला वाटलं वारा आडवा आहे. काठावर मागचं बूच काढलं तर चांगलं बादलीभर पाणी निघालं. मग भोकं एम-सीलने बुजवली. पंधरा दिवसांत ते खपलीसारखं सुटून हातात आलं. पॉलिइथिलीनला एम-सील, अराल्डाइट, फेव्हिक्विक काहीही नीट चिकटत नाही, कारण ह्या प्लॅस्टिकचा पृष्ठभागच चिकट पदार्थाला धरू देत नाही. सिलिकॉन फटीत राहून गळती थोडी अडवतं, पण भार घेत नाही. भोक बुजवायचं तर त्याच जातीचं प्लॅस्टिक वितळवून भरावं लागतं. म्हणून पुढेमागे ड्रिल केलंत तर निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या सळ्या, कीस फेकू नका, डबीत जपून ठेवा. सोल्डरिंगच्या इस्त्रीने कडा मऊ करून तोच कीस त्यात मुरवला की ठिगळ कायमचं बसतं. माझी ती दोन भोकं अशीच बुजली आहेत आणि आजवर थेंब आत गेलेला नाही.

भोक पाडावंच लागलं तर आरपार बोल्ट, आतून मोठा वॉशर आणि मध्ये ट्यूबच्या रबराची चकती. आत हात पोचत नसेल तर मागे फुलणारे रिव्हेट वापरा. बोल्ट स्टेनलेसचा घ्या, मिळाला तर ३१६ ग्रेडचा. खाऱ्या पाण्यात जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा बोल्ट एका हंगामात गंजतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला स्टेनलेसचा बोल्ट लावलात तर मध्ये रबर हवंच, नाहीतर खारं पाणी अ‍ॅल्युमिनियमला भोकाभोवती पांढरी भुकटी करून खातं. कयाकच्या तळापासून वरपर्यंत जी आरपार भोकं असतात, पाणी निथळण्यासाठीची, त्यांना मात्र हात लावू नका. त्यांत नळी ठोकून काही बसवायचा मोह होतो. तिथे तळ आणि वरचा भाग एकमेकांना जोडलेले असतात, आणि तिथली चीर बुजवणं सगळ्यात अवघड.

आता क्रेट. सीटच्या मागच्या खोलगट जागेत भाजीचा प्लॅस्टिकचा क्रेट बसतो का बघा. बसला तर निम्मं काम झालं. कयाकला मुळात असलेल्या कड्यांना तो दोन इलॅस्टिक दोऱ्यांनी बांधायचा आणि बाकी सगळं क्रेटला बांधायचं. रॉड होल्डरसाठी दीड इंची पीव्हीसी पाइपचे फूटभर लांबीचे तुकडे घ्या. पाइप घेताना रॉड दुकानात घेऊन जा आणि मूठ आत घालून बघा. माझा एक रॉड दीड इंचीत गेलाच नाही, त्याला दोन इंची घ्यावा लागला. वरच्या तोंडाला हेक्सॉने साधारण तीन सेंटिमीटर रुंद आणि नऊ-दहा सेंटिमीटर खोल खाच पाडा. रीलचा पाय त्या खाचेत बसतो आणि रॉड गोल फिरत नाही. खाचेच्या कडा कानशीने आणि मग पॉलिश पेपरने पूर्ण गुळगुळीत करा. ह्यात आळस केलात तर तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) एक दिवस त्याच कडेवर घासून तुटेल, तेही मासा लागलेला असताना. तोंड थोडं फाकवायचं असेल तर हीट गनने तापवून सोड्याच्या बाटलीवर दाबा. हे काम उघड्यावरच करा, चुलीवर किंवा गॅसवर नको. पीव्हीसी करपलं तर निघणारा धूर छातीला फार वाईट. तयार झालेले होल्डर क्रेटच्या मागच्या दोन कोपऱ्यांना, बाहेर आणि मागे कललेले, प्रत्येकी तीन काळ्या केबल टायने बांधा. पांढरे टाय उन्हाने ठिसूळ होऊन तुटतात.

प्रत्येक रॉडला मीटरभराची दोरी हवी. जिताडा लागला तर तो होल्डरमधून रॉड उपसून नेऊ शकतो. रॉडच्या मुठीवर जुन्या रबरी चपलेची किंवा योगा मॅटची गुंडाळी घट्ट बांधली, तर दोरी तुटली तरी बरेच रॉड तरंगतात. आपला तरंगतो का, ते घरच्या हौदात बघून घ्या.

नांगराबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण कयाकवरचा सगळ्यात धोक्याचा भाग तोच आहे. दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षातल्या अमावस्येला, ओहोटी जोरात असताना, मी नांगर टाकून दोरी सीटजवळच्या बाजूच्या हँडलला बांधली, कारण हात तिथे पोचत होता. दोरी ताणली तशी कयाक प्रवाहाला आडवी झाली. वरच्या अंगाची कड पाण्याने दाबली जायला लागली, पाणी मांडीवर आलं. गाठ ओली आणि भाराखाली, ती सुटेना. मी सुरी काढून दोरी कापली तेव्हा कड पाण्याच्या दोन बोटं वर उरली होती. नांगर तिथेच राहिला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी नांगराची सरकती दोरी बसवली. कयाकच्या नाकापासून शेपटीपर्यंत एका कडेने सहा मिलिमीटर विणलेल्या नायलॉन दोरीचा फेरा घ्यायचा. पुढच्या आणि मागच्या हँडलला एकेक छोटी कप्पी बांधायची, कप्पी नसेल तर स्टेनलेसची कडी चालते. फेऱ्याला एक मोठी कडी गाठवायची आणि फेरा ताणलेला राहावा म्हणून एका टोकाला इलॅस्टिकचा वीतभर तुकडा घालायचा. नांगराची दोरी त्या कडीतून ओवायची आणि फेरा ओढून कडी पार नाकाशी किंवा शेपटीशी न्यायची. आता तुम्ही सीटवर बसल्या बसल्या ठरवता की नांगराचा ओढ कुठून घ्यायचा. कडी मध्ये कधीही ठेवायची नाही. एकही भोक लागत नाही आणि काम दोन तासांचं.

दोरीच्या मोकळ्या टोकाला कडीतून सहज निसटेल अशी रिकामी बाटली बांधा, बूच घट्ट लावून. मोठा मासा लागला किंवा काही बिघडलं तर दोरी सोडून द्यायची, बाटली तरंगते, नंतर येऊन उचलायची. म्हणून दोरी कयाकला गाठ मारून कधी बांधू नका, एका झटक्यात सुटेल अशीच अडकवा, आणि सुरी अंगावर ठेवा, क्रेटमध्ये नको. नांगर दीड किलोचा घडीचा पुरतो. आपल्या खाडीत कालवांच्या खडकात तो अडकतो, त्यालाही उपाय आहे. दोरी नांगराच्या डोक्याच्या कडीला न बांधता खाली, पंजाच्या बुडाला बांधा, आणि मग दांड्याला लगटून वर आणून डोक्याच्या कडीशी एका बारीक केबल टायने अडकवा. अडकला की उलट्या बाजूने जोरात ओढायचं. टाय तुटतो आणि नांगर बुडाकडून उलटा निघून येतो. जादा टाय खिशात ठेवा. कांदळवनाच्या कडेला, कंबरभर पाण्यात आणि चिखलात, नांगरापेक्षा आठ फुटी बांबूची काठीच बरी. चिखलात रोवली, दोरीचा फास टाकला, झालं. आवाजही होत नाही.

तुम्ही उभं राहून गळ टाकायचा विचार लिहिला आहे. त्यासाठी लोक बाजूचे तरंग, म्हणजे कयाक कलू नये म्हणून बाजूला लावायचे तरंगते आधार, विकत घेतात, पण आपल्या किनाऱ्यावर ते पिढ्यान्‌पिढ्या आहेच. उलांडीची होडी बघितली असेल तुम्ही. अरुंद होडी, एका बाजूला दोन आडव्या दांड्यांवर हलक्या लाकडाचा ओंडका. होडी त्या बाजूला कलली की ओंडका पाण्यात दाबला जाऊन वर ढकलतो; उलट बाजूला कलली की ओंडक्याचं वजन तिला खाली ओढतं. मी गावातल्या एका म्हाताऱ्या काकांना त्यांच्या उलांडीचे दोरीचे बांध कसे घेतात ते विचारलं, त्यांनी बोल्टची गरज नाही म्हणून दाखवलं आणि तसेच बांध मी माझ्या कयाकला घेतले. चार इंची पीव्हीसी पाइपचे एकेक मीटरचे दोन तुकडे, दोन्ही टोकांना एंड कॅप, सोल्युशन लावून बंद. असा एक तुकडा पूर्ण बुडाला तर साडेनऊ लिटर पाणी बाजूला सारतो, पाइपचं वजन वजा जाता आठेक किलोचा आधार. दांडी अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपची, सीटच्या मागून आडवी, म्हणजे वल्हं अडत नाही. तरंग शांत पाण्यात पृष्ठभागाच्या तीन-चार सेंटिमीटर वर हवेत, टेकलेले असले तर सतत ओढ लागतो. खरं सांगायचं तर बसून गरवत असाल तर त्यांची गरज नाही. कांदळवनाच्या मुळांत आणि दुसऱ्याच्या जाळ्यात ते अडकतात. मी आता फक्त उघड्या पाण्यात लावतो.

वाऱ्याने कयाक पळते त्यासाठी जुनी छत्री घ्या, कापडाच्या मधोमध लिंबाएवढं भोक पाडा, काड्या काढून आठही टोकांना सारख्या लांबीच्या दोऱ्या बांधून एकत्र करा. पाण्यात सोडली की ती फुगते आणि वेग निम्म्यावर येतो. तीही सरकत्या दोरीच्या कडीलाच. बर्फासाठी मासळीबाजारातली थर्मोकोलची पेटी गोणपाटात गुंडाळून घ्या, बर्फ बराच वेळ टिकतो. पकडलेले मासे दोरीत ओवून पाण्यात सोडू नका. चिपळूणकडच्या अंगाला वाशिष्ठीत मगरी आहेत. त्याच पट्ट्यात कोयनेचं अवजलही (वीज बनवून झाल्यावर सोडलेलं पाणी) येतं, त्यामुळे उन्हाळ्यातसुद्धा भरती-ओहोटीच्या हिशेबाबाहेरचं पाणी अंगावर येऊ शकतं.

हिशेब म्हणाल तर तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ अंदाजे मिळते: अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहाच्या सुमारास, आणि मग सहा तासांनी ओहोटी पूर्ण. नवी वस्तू लावून बघायची असेल तर भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, अष्टमी-नवमीला जा. उधाणाला नको. पावसाळ्यात मी नारळी पौर्णिमेपर्यंत कयाक उतरवतच नाही.

लाइफ जॅकेट घरी बनवू नका. बाटल्या शिवलेलं किंवा थर्मोकोल भरलेलं जॅकेट माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवेलच असं नाही. वाचवलेले सगळे पैसे तिथे घाला, आणि त्याला शिट्टी बांधा. अंधार पडेपर्यंत थांबणार असाल तर पांढऱ्या उजेडाची चांगली टॉर्च गळ्यात हवी. फेरीबोटवाल्याला आणि ट्रॉलरवाल्याला कयाक दिसतच नाही, वेळेत दाखवावी लागते.

सगळं बांधून झालं की गरवायला जाण्याआधी एक दिवस जोडीदार बरोबर घेऊन कंबरभर, स्थिर पाण्यात जा. क्रेट, होल्डर, नांगर, पेटी सगळं लावलेलं असू द्या, फक्त रॉडच्या जागी काठ्या घाला. आणि कयाक मुद्दाम उलटी करा. मी केली तेव्हा क्रेट जागेवर राहिला, पेटी निघून गेली, आणि परत चढताना माझा पाय नांगराच्या दोरीत अडकला. त्या दिवसापासून ती दोरी मी मोकळी ठेवत नाही, कापडी पिशवीत भरून ठेवतो. तुमच्या कयाकवर काय निसटतं आणि काय अडकतं ते बघा, आणि फोटो टाका, बांध कुठे बदलायचे ते सांगतो.