कुकर लावायला उठले

प्रश्न : ताई, माझा मुलगा १९ वर्षांचा, इथेच विद्यापीठात बी.कॉम. करतो. दिवाळीत त्यानं हट्टानं शेजारी बसवून मला लॅपटॉपवर ‘मूनलाइट’ हा इंग्रजी सिनेमा दाखवला. मी मध्येच कुकर लावायला उठले. रात्री तो म्हणाला, “आई, मी त्या मुलासारखाच आहे. मला मुलगेच आवडतात.” तेव्हापासून आमचं बोलणं जेवणापुरतं. डॉक्टरांना दाखवू का? सासऱ्यांना कसं सांगू? लोक काय म्हणतील?
– एक आई, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : डॉक्टरांचं आधी संपवते. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच तो आजारांच्या यादीतून काढला. ‘बरं करून देतो’ म्हणणारा कुणी भेटला, तर दारातूनच परत फिरा.

तुमच्या मुलानं हा सिनेमा उगाच निवडलेला नाही. मायामीच्या गरीब वस्तीतल्या एका मुलाचं लहानपण, किशोरवय आणि तरुणपण त्यात आहे. लहान असताना तो जेवणाच्या टेबलाशी विचारतो, मला पोरं ज्या शब्दानं चिडवतात त्याचा अर्थ काय? समोरचा हुआन त्याच्या नात्यातला ना गोत्यातला. तो सांगतो, तू तसा असशीलही, पण त्या शिवीनं तुला कुणी हाक मारायची नाही. आणि हे आजच कळायला हवं असंही नाही. या प्रसंगाला तुमच्या मुलानं तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं असणार. तुम्ही तेव्हा ओट्याशी होतात का हो?

सासऱ्यांना तुम्ही सांगू नका. कुणाला, कधी सांगायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या. माझ्या धाकट्या भावाची हीच गोष्ट मी चांगल्या हेतूनं आत्याच्या कानावर घातली. तो दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. चूक माझी होती.

आणि लोक? आपल्या बडोद्याचे भूपेन खख्खर आठवा. हिशेबनिसाची नोकरी सांभाळून चित्रं काढायचे. बाप, मुलगा आणि गाढवाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे ना, तीच त्यांनी १९८१ च्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’मध्ये रंगवली, आणि ती सज्जातून पाहणारा एक नागडा माणूस. आपण पुरुषांवर प्रेम करतो हे त्यांनी चित्रांतून उघड सांगितलं, आणि राहिले इथेच, याच शहरात, २००३ मध्ये जाईपर्यंत. ते चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

उद्या कुकर आधीच लावून घ्या आणि त्याला म्हणा, तो सिनेमा पुन्हा लाव. तिसऱ्या भागात आई मोठ्या झालेल्या मुलाची माफी मागते. तोवर उठू नका.